विसंबणें आणि विश्वासणें

गेल्या महिन्यांत आमच्या गांवच्या एका व्याख्यानमालेंत मंगळावरील मोहिमांविषयीं एक भाषण ऐकण्याचा योग आला. वक्ते बहुश्रुत होते, वाणी ओघवती होती, आणि सभागृह अगदीं भरलेलें होतें. भाषणाच्या शेवटीं त्यांनीं, दुसऱ्यावर विसंबणाऱ्याचें काय होतें हें सांगणारें समर्थांचें प्रसिद्ध वचन खड्या आवाजांत म्हटलें, आणि त्यावरून असा सिद्धान्त काढला कीं, ज्या राष्ट्राला मंगळावर उतरावयाचें असेल त्यानें तें एकट्यानेंच साधावें. परकीयांशीं केलेली भागीदारी ऐन वेळीं दगा देते. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजविणारांत आमचे दोन सहकारी प्राध्यापक होते, एक निवृत्त न्यायाधीश होते, आणि आमचेच चारसहा जुने विद्यार्थी होते. ह्या शेवटच्या गोष्टीमुळें हा लेख लिहिणें आम्हांस प्राप्त झालें. बाजारगप्पांतलें मत बाजारांतच विरून जातें. सुशिक्षितांच्या टाळ्या मिळालेलें मत मात्र उद्यां धोरण होऊन बसतें.

वक्त्यांच्या पक्षास अन्याय होऊं नये म्हणून तो आम्ही प्रथम जसाच्या तसा मांडतों. त्यांनीं तीन दाखले दिले. पहिला असा: युरोपीय अवकाश संस्थेनें 'एक्झोमार्स' ही मोहीम अमेरिकेच्या 'नासा' ह्या संस्थेच्या भागीदारींत आंखिली होती, पण २०१२ सालीं अमेरिकेनें पैशाची अडचण सांगून अंग काढून घेतलें. दुसरा दाखला त्याच मोहिमेचा. युरोपनें मग २०१३ सालीं रशियाशीं करार केला. 'रोझलिंड फ्रँकलिन' नांवाची मंगळावर फिरणारी गाडी युरोपनें बांधावी, आणि ती ज्या मंचावर बसून खालीं उतरावयाची तो मंच व वर नेणारा अग्निबाण रशियानें द्यावा, असें ठरलें. गाडी तयार झाली. २०२२ च्या सप्टेंबरांत उड्डाण व्हावयाचें, तों फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर आक्रमण केलें. मार्चांत युरोपनें सहकार्य स्थगित केलें, जुलैंत तें संपुष्टांत आणिलें, आणि गाडी इटालींत कोठारांत राहिली. तिसरा दाखला आपल्या घरचा. 'चांद्रयान-२' मधील चंद्रावर उतरणारें यान रशियानें द्यावें असा करार २००७ सालीं झाला होता. तें आलें नाहीं, आणि शेवटीं भारतानें स्वतःचें 'विक्रम' बांधलें. हे तिन्ही दाखले खरे आहेत. आमचा वाद घटनांशीं नाहीं. त्यांवरून काढलेल्या निष्कर्षाशीं आहे.

मंगळावर उतरणें म्हणजे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. तेथील वातावरणाचा दाब पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दाबाच्या शतांशाहूनही कमी आहे. ताशीं वीस हजार कि. मी. वेगानें शिरणारें यान तापून जळून जावें, एवढें तें दाट आहे. पण नुसत्या पॅराशूटच्या आधारानें जड यान अलगद खालीं यावें, एवढें मात्र दाट नाहीं. म्हणून उष्णतेची ढाल, पॅराशूट, वेग मारणारीं इंजिनें अशीं निरनिराळीं साधनें सहासात मिनिटांत एकामागून एक बिनचूक चालावीं लागतात. आणि पृथ्वीवरून संदेश तेथें पोंचावयास, दोन ग्रहांच्या अंतराप्रमाणें, तीनपासून बावीस मिनिटें लागतात. यान संकटांत आहे ही बातमी आपणांस कळेपर्यंत एक तर संकट टळलेलें असतें, नाहीं तर यान संपलेलें असतें. त्या सहा मिनिटांत त्याच्या साहाय्यास येतें तें एवढेंच: वर्षांपूर्वीं कोणीं तरी मोजलेला आंकडा, कोणीं तरी तपासलेला सांधा, कोणीं तरी संगणकासाठीं लिहिलेल्या आज्ञा. हा 'कोणी तरी' बहुधा एका कारखान्यांतला नसतो, पुष्कळदां एका देशांतलाही नसतो. तेव्हां विश्वास ठेवावा कीं ठेवूं नये, हा प्रश्नच उद्भवत नाहीं. विश्वासावांचून अशा यानाचा एक खिळाही बसत नाहीं. तो कशाच्या जोरावर ठेवावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

ह्या ठिकाणीं आपल्या भाषेनें दोन निराळे शब्द आपल्या हातीं दिले आहेत, आणि वक्त्यांनीं त्यांची गल्लत केली आहे. विसंबणें म्हणजे तपासाचें आपलें काम दुसऱ्यावर टाकून स्वस्थ बसणें. विश्वासणें म्हणजे दुसऱ्याचें काम आपण तपासणें, आपलें काम त्याला तपासूं देणें, आणि मग त्यावर भार टाकणें. समर्थांनीं निंदा केली ती पहिल्या वृत्तीची. ती वक्त्यांनीं दुसऱ्या वृत्तीच्या माथीं मारिली, आणि शिवाय असें गृहीत धरिलें कीं, विसंबण्याचा दोष परक्यांशीं व्यवहार करतांनाच घडतो. स्वकीयांत तो घडतच नाहीं. ह्या गृहीत गोष्टीस इतिहास काय उत्तर देतो तें पाहूं.

१९९९ सालच्या सप्टेंबरच्या २३ तारखेस अमेरिकेचें 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हें यान मंगळापाशीं पोंचतां पोंचतां नष्ट झालें. हें यान स्वतः उतरणारें नव्हतें. ग्रहाभोंवतीं फिरत राहून मागून येणाऱ्या दुसऱ्या यानाचे निरोप पृथ्वीकडे पोंचविणें, हें त्याचें एक काम होतें. तें बांधलें लॉकहीड मार्टिन ह्या अमेरिकन कंपनीनें, आणि त्याचा मार्ग आंखीत होती कॅलिफोर्नियांतील जेट प्रोपल्शन प्रयोगशाळा. दोघांचा देश एक, भाषा एक, ध्वज एक. कंपनीच्या आज्ञावलींतून यानाच्या लहान इंजिनांच्या धक्क्यांचे आंकडे निघत, ते पौंडांच्या हिशेबानें. प्रयोगशाळा ते न्यूटनच्या हिशेबानें वाची. दोहोंत जवळजवळ साडेचार पटींचें अंतर. नऊ महिन्यांच्या प्रवासांत ही चूक थेंबाथेंबानें सांचत गेली, आणि जें यान मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारें २२६ कि. मी. उंचीवरून जावयाचें तें ५७ कि. मी. पर्यंत खालीं गेलें. मार्गाचा हिशेब नीट जुळत नाहीं ही शंका मार्ग आंखणारांस आधींच आली होती. पण ती रीतसर नोंदली गेली नाहीं व तिचा छडाही लागला नाहीं. परकीयांच्या दग्याचा येथें लवलेशही नाहीं. दोन घरच्या माणसांनीं एकमेकांस 'एकक कोणतें?' असें विचारलें नाहीं, एवढेंच.

आम्ही तीस वर्षें महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवीत आहों. उत्तरापुढें एकक न लिहिणारा विद्यार्थी आम्हांस दर वर्षीं भेटतो, आणि गुण कापले म्हणजे "सर, आंकडा तर बरोबर आहे ना!" असें दर वर्षीं ऐकवितो. त्याच वर्गांत दुसरीही एक जात असते. दोघे मिळून एक प्रयोग करतात, आणि दोघांच्या वह्यांतील आंकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळतात. पालकांस वाटतें कीं, पोरांत केवढें हें सहकार्य! आम्ही त्या वह्या परत करतों. दोन माणसांनीं खरोखर स्वतंत्रपणें मोजलें असेल तर थोडा तरी फरक पडतोच. तंतोतंत मेळ याचा अर्थ एकानें मोजलें व दुसरा विसंबला. हे दोन्ही विद्यार्थी एका गांवचे, एका वाड्यांतले, क्वचित् सख्खे भाऊही असतात.

त्याच वर्षाच्या ३ डिसेंबरास 'मार्स पोलर लँडर' हें यानही हरपलें. चौकशीअंतीं सर्वांत संभवनीय कारण असें ठरलें कीं, उतरण्याचे पाय उघडतांना बसलेला हिसका हाच जमिनीचा स्पर्श असें संगणकानें मानलें, आणि यान अजून सुमारें ४० मीटर उंचीवर असतांना इंजिनें बंद केलीं. हेंही काम एकाच देशाचें होतें. आणि ज्यांना वाटत असेल कीं, हा अमेरिकन व्यापारी व्यवस्थेचा दोष आहे, त्यांनीं १९७३ सालच्या सोव्हिएत संघाकडे पाहावें. त्या सालीं त्यांनीं मंगळाकडे चार यानें सोडलीं. त्यांतील एका जातीचे ट्रान्झिस्टर कालांतरानें निकामी होतात हें उड्डाणापूर्वींच आढळून आलें होतें. पण सारे बदलीत बसल्यास उड्डाणाची वेळ टळली असती, म्हणून यानें तशींच पाठविण्यांत आलीं. दोन मंगळाच्या बाजूनें निघून गेलीं, एक थोडे दिवस चालून बंद पडलें, आणि 'मार्स-६' हें उतरतां उतरतां मुकें झालें. सर्व कांहीं स्वदेशी होतें: कारखाना स्वदेशी, दोष स्वदेशी, आणि मौनही स्वदेशी, कारण ही हकीकत जगाला कळावयास पुढें पुष्कळ वर्षें लागलीं.

ह्याच 'मार्स-६' ची दुसरी एक गोष्ट आमच्या वक्त्यांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी. त्यानें खालीं जातांना पाठविलेल्या माहितीवरून सोव्हिएत शास्त्रज्ञांनीं असा अंदाज प्रसिद्ध केला कीं, मंगळाच्या हवेंत अर्गॉन वायूचें प्रमाण तृतीयांशाच्या आसपास असावें. अमेरिकन लोक त्या वेळीं 'व्हायकिंग' यानांच्या तयारींत होते, आणि दोन राष्ट्रांतलें वैर तर सर्वश्रुतच होतें. शत्रूचा म्हणून त्यांनीं तो आंकडा टाकून दिला नाहीं, आणि आयता मिळाला म्हणून गिळलाही नाहीं. तो खरा असूं शकेल असें धरून त्यांनीं आपल्या उपकरणांचा विचार केला, आणि १९७६ सालीं मंगळाच्या हवेंत शिरल्यावर स्वतः मोजून पाहिलें. अर्गॉन दोन टक्क्यांहूनही कमी निघाला. आम्ही ज्याला विश्वासणें म्हणतों तें हेंच. मैत्री नसली तरी तें चालतें. तपास नसला तर मात्र चालत नाहीं.

आतां वक्त्यांच्या दुसऱ्या दाखल्याकडे, म्हणजे 'एक्झोमार्स'कडे वळूं. त्या मोहिमेचा पहिला भाग २०१६ च्या मार्चांत रशियन अग्निबाणावरून निघाला, आणि त्यांतील 'स्कियापारेल्ली' हें लहानसें यान १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं मंगळावर उतरावयाचें होतें. तें आदळून फुटलें. पॅराशूट उघडल्यावर यान अपेक्षेपेक्षां जोरानें हेलकावलें. त्याचें फिरणें मोजणारें उपकरण आपल्या मर्यादेपलीकडे जाऊन सुमारें एक सेकंद एकच आंकडा दाखवीत राहिलें. त्या एका सेकंदावरून संगणकानें आपण उलटे झालों आहों असा हिशेब केला, आणि पुढें उंची मोजतांना ती शून्याच्याही खालीं आली. आपण जमिनीवर पोंचलों, नव्हे, जमिनीच्या पोटांत शिरलों, असें समजून त्यानें पॅराशूट सोडून दिलें, इंजिनें अवघीं तीन सेकंद चालवून बंद केलीं, आणि यान सुमारें ३.७ कि. मी. उंचीवरून खालीं कोसळलें.

ह्या अपघाताची चौकशी झाली व तिचा निष्कर्ष २०१७ च्या मे महिन्यांत प्रसिद्ध झाला. त्यांत दिलेल्या मूळ कारणांपैकीं एक आम्हांस फार मोलाचें वाटतें. तें उपकरण एकदां भांबावलें म्हणजे किती वेळ भांबावलेलें राहतें, हा आंकडा उपकरण ताब्यांत घेतांना नोंदलाच गेला नव्हता. तो १५ मिलिसेकंद असावा असें समजण्यांत आलें होतें. पंधरा सहस्रांश सेकंद हा नुसता समज होता, आणि वस्तुस्थिति होती एका सेकंदाची. उपठेकेदारांच्या देखरेखींत व माल ताब्यांत घेण्यांत चूक झाली, असें अहवालानें स्पष्ट म्हटलें. 'असावा असें समजण्यांत आलें' हीच विसंबण्याची व्याख्या होय. युरोप व रशिया यांच्या भागीदारीचा ह्या चुकीशीं कांहीं संबंध नाहीं. एकट्या फ्रान्सनें किंवा एकट्या भारतानें तें यान बांधलें असतें, आणि तो आंकडा असाच न मोजतां घेतला असता, तर तें असेंच आदळलें असतें.

ह्याच्या उलट आणखी एक उदाहरण घ्या. अमेरिकेचें 'इनसाइट' हें यान मंगळाच्या पोटांतील धक्के मोजण्यासाठीं २०१६ च्या मार्चांत निघावयाचें होतें. त्यांतील मुख्य उपकरण, म्हणजे भूकंपमापक, फ्रान्सच्या अवकाश संस्थेच्या नेतृत्वाखालीं तयार होत होतें, आणि त्याचे निरनिराळे भाग स्वित्झर्लंड, जर्मनी व ब्रिटन येथून येत होते. हें उपकरण इतकें नाजूक कीं, तें निर्वात गोलांत ठेवावें लागे. आणि त्या गोलाला एक सूक्ष्म गळती होती. ती दुरुस्त केली, पुन्हा आढळली. २०१५ च्या डिसेंबरांत, उड्डाणास तीन महिनेही उरले नसतां, थंडीच्या चांचणींत ती आणखी एकदां दिसली. फ्रेंचांनीं ती लपविली नाहीं, आणि अमेरिकनांनींही 'चालेल' म्हटलें नाहीं. दोघांनीं मिळून उड्डाण रद्द केलें, आणि ग्रहांच्या गतीमुळें पुढील संधि सव्वीस महिन्यांनीं यावयाची हें ठाऊक असून केलें. खर्च सुमारें १५ कोटी डॉलरांनीं वाढला. नवा निर्वात गोल अमेरिकनांनीं बांधावा आणि उपकरणाची जुळणी फ्रेंचांकडेच राहावी, अशी कामाची फेरवांटणी झाली. यान ५ मे २०१८ रोजीं निघालें, २६ नोव्हेंबरास सुखरूप उतरलें, आणि चार वर्षांत त्या भूकंपमापकानें तेराशेंहून अधिक धक्के टिपले. मंगळाच्या गाभ्याविषयीं आज जें निश्चित ज्ञान आहे त्यांतील बराच भाग त्या एका गळतीच्या प्रामाणिक कबुलीचें फळ आहे.

ज्यांना एकट्यानें जाण्यांत फार पराक्रम दिसतो त्यांनीं ब्रिटनच्या 'बीगल-२' ची हकीकत वाचावी. ब्रिटिशांचें हें चिमुकलें यान युरोपच्या 'मार्स एक्सप्रेस'वर बसून गेलें, आणि २५ डिसेंबर २००३ रोजीं मंगळावर उतरावयाचें होतें. त्या दिवशीं त्याचा आवाज आला नाहीं, पुढेंही कधीं आला नाहीं. पैसा तोकडा होता, वेळ तोकडा होता, आणि पॅराशूट व हवेच्या पिशव्या यांच्या पुरेशा चांचण्या झाल्या नव्हत्या. चौकशी बसली, पण २००४ सालीं तिच्या केवळ शिफारशी बाहेर आल्या, संपूर्ण अहवाल लोकांस २००५ सालीं पाहावयास मिळाला. यानाचे जनक प्राध्यापक कॉलिन पिलिंजर यांच्यावर अपयशाचा शिक्का बसला, आणि २०१४ च्या मे महिन्यांत ते वारले. त्यानंतर आठ महिन्यांनीं, म्हणजे २०१५ च्या जानेवारींत, मंगळाभोंवतीं फिरणाऱ्या अमेरिकन यानाच्या कॅमेऱ्यानें टिपलेल्या चित्रांत 'बीगल-२' सांपडलें. तें फुटलेलें नव्हतें! जमिनीवर नीट उतरलें होतें. सौर पंखांच्या पाकळ्या मात्र पुऱ्या उघडल्या नव्हत्या, आणि बोलण्याचें साधन त्यांच्याखालीं झांकून राहिलें होतें. आपण हरलों नव्हतों, जवळजवळ जिंकलों होतों, हें त्या गृहस्थास कळलें नाहीं. आणि त्याच्या देशाला तें सांगितलें दुसऱ्या देशाच्या यानानें.

येथपर्यंत वाचून एखादा वाचक म्हणेल: हें सारें मान्य, पण २०१२ व २०२२ सालीं जें घडलें त्याचें काय? हा आक्षेप आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. तपासानें सांध्यांतली गळती कळते. मंत्रिमंडळाचें मन कळत नाहीं. 'रोझलिंड फ्रँकलिन'चा मंच, अग्निबाण आणि थंडींत तिला ऊब देणारे किरणोत्सर्गी तापक हीं सर्व एकाच भागीदाराकडून यावयाचीं, आणि त्याला पर्याय म्हणून कांहींच हातीं नव्हतें. ही व्यवस्था चुकीची होती, असें आम्हीही म्हणतों. एका खुंटीला सारें घर टांगूं नये. परंतु ह्यांतून युरोपनें कोणता धडा घेतला? एकट्यानें जाण्याचा नव्हे. २०२२ च्या नोव्हेंबरांत त्यानें उतरण्याचा मंच स्वतः बांधण्याचें ठरविलें. आणि २०२४ च्या मे महिन्यांत वेग मारणारीं इंजिनें, तापक व उड्डाणाची सोय यांसाठीं पुन्हा अमेरिकेशींच करार केला. पुढें २०२५ च्या मे महिन्यांत अमेरिकन शासनानें मांडलेल्या अंदाजपत्रकाच्या प्रस्तावांत ह्या सहभागावरही कात्री सुचविण्यांत आली, हें आम्ही लपवीत नाहीं. राजकारणाचा धोका खरा आहे. त्यावर उपाय एवढाच कीं, प्रत्येक भागापुढें 'हा भागीदार उद्यां उठून गेला तर काय?' हा प्रश्न करारांतच लिहावा व त्याचें उत्तरही तेथेंच लिहावें. एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या शहाण्या माणसांस ह्यांत नवें कांहीं नाहीं.

आणि तुटलेल्या भागीदारींतूनही काय शिल्लक राहतें तें पाहा. 'स्कियापारेल्ली'ला घेऊन गेलेलें युरोपचें मूळ यान मंगळाभोंवतीं फिरत राहिलें. तें रशियन अग्निबाणानें वर गेलें. त्यावर रशियाचीं दोन उपकरणें आहेत. त्यावरील निरोप नेणारे रेडिओ संच अमेरिकेनें दिलेले आहेत, आणि तेही २०१२ सालीं तिनें अंग काढून घेतल्यानंतर. ह्या यानानें मंगळावर फिरणाऱ्या अमेरिकन गाड्यांचे निरोप वर्षानुवर्षें पृथ्वीकडे पोंचविले आहेत. तसेंच, २०११ पासून अमेरिकन कायद्यानें नासाच्या चीनशीं होणाऱ्या द्विपक्षीय सहकार्यावर कडक निर्बंध आहेत; तरी २०२१ च्या आरंभीं, चीनचें यान मंगळापाशीं पोंचलें तेव्हां, यानांची टक्कर होऊं नये म्हणून दोघांनीं आपापल्या कक्षांची माहिती एकमेकांस दिली. ज्यांचें राज्यकर्ते एकमेकांशीं धड बोलत नाहींत, त्यांच्या गणितज्ञांना एकमेकांचे आंकडे लागतातच.

दुसऱ्या टोकाच्या गृहस्थांनीं मात्र ह्यावरून आनंदून जाऊं नये. 'विज्ञानाला सीमा नसतात, मानवजात एक आहे' असें प्रत्येक समारंभांत म्हणणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. त्यांचा हेतु निर्मळ असेल. पण हस्तांदोलनानें आंकडा तपासला जात नाहीं. ते पंधरा मिलिसेकंद कोणाच्या दुष्टाव्यानें आंत शिरले नाहींत. सभ्यपणें, कागदपत्रांच्या गर्दींत, कोणालाही न दुखवितां शिरले. 'आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवतों, म्हणून तुमचें काम तपासूं इच्छितों' हें वाक्य ज्याला अपमानकारक वाटतें, त्यानें भागीदारी करूं नये, आणि एकट्यानेंही यान बांधूं नये.

आतां आपल्या घराकडे पाहूं. रशियाचें चंद्रावर उतरणारें यान आलें नाहीं, ह्याला वक्त्यांनीं दगा म्हटलें. वस्तुतः २०११ च्या नोव्हेंबरांत मंगळाच्या एका चंद्राकडे निघालेलें रशियाचें 'फोबोस-ग्रुंट' हें यान पृथ्वीजवळच अडकून पडलें. त्यांतील तंत्र चंद्रावरच्या यानांतही वापरावयाचें होतें. म्हणून रशियनांनीं तें फिरून तपासावयास घेतलें, आणि ठरल्या वेळीं यान देतां येत नाहीं अशी स्थिति झाली. सदोष तंत्र वेळेवर गळ्यांत बांधण्यापेक्षां हा विलंब आम्हांस अधिक मित्रत्वाचा वाटतो. भारतानें मग स्वतःचें यान बांधलें, हेंही योग्यच झालें. आपल्या मंगळयानाविषयीं आपण अभिमानानें सांगतों कीं, पहिल्याच प्रयत्नांत, २४ सप्टेंबर २०१४ रोजीं, तें मंगळाच्या कक्षेंत गेलें. अभिमान सार्थ आहे. परंतु त्या प्रवासांत नासाच्या दूरसंदेश केंद्रांचें साहाय्य आपण घेतलें होतें, हें सांगावयास आपण विसरतों. त्यांत लाज कसली?

लाज वाटावी अशी गोष्ट निराळीच आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजीं 'विक्रम' चंद्रावर आदळलें. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत संसदेंत उत्तर मिळालें तें थोडक्या ओळींचें: उतरण्याच्या दुसऱ्या टप्प्यांत वेग योजनेपेक्षां अधिक घटला, आणि यान ठरल्या जागेपासून ५०० मीटरांच्या आंत जोरानें आपटलें. त्यापलीकडचा सविस्तर अहवाल लोकांपुढें ठेवण्यांत आला नाहीं. आमच्या शास्त्रज्ञांनीं दोष शोधले नाहींत, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. त्यांनीं ते कसून शोधले. २०२३ सालीं संस्थेच्या अध्यक्षांनीं इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षां अधिक भरल्याचें मोकळेपणानें सांगितलें, आणि 'चांद्रयान-३' ची रचना काय काय बिघडूं शकेल हें धरून केल्याचेंही सांगितलें. तें यान २३ ऑगस्ट २०२३ रोजीं अलगद उतरलें. जो दोष शोधण्यास आपण समर्थ आहों, तो कागदावर छापून जगाच्या हातीं देण्यास आपण कां कचरतों? अपयशाची चौकशी घरांतल्या घरांत करावी आणि शेजाऱ्यास कळूं देऊं नये, ही आपली कौटुंबिक रीत आहे. मुलगा परीक्षेंत नापास झाला तर 'तो आजारी होता' असें आपण सांगतों. मंगळापर्यंत ही रीत न्यावयाची नाहीं.

कारण पुढील मोहिमा एकट्याच्या राहणार नाहींत. जपानच्या भागीदारींतील चंद्रमोहिमेला २०२५ च्या मार्चांत आपल्या शासनानें मंजुरी दिली. तींत उतरणारें यान आपलें आणि फिरणारी गाडी जपानची. उद्यां मंगळावर उतरावयाचें झाल्यास असाच प्रसंग पुन्हा येईल. तेव्हां परकीय अभियंता आपल्या पुढ्यांत बसून विचारील: 'तुमचें मागचें यान कां पडलें, तें आम्हांस दाखवा.' त्याच्यापुढें ठेवावयास आपल्यापाशीं दोन ओळींचें उत्तर असेल, कीं 'स्कियापारेल्ली'च्या अहवालासारखा, आपलीच चूक नांवानिशीं सांगणारा कागद असेल, यावर आपल्या शब्दाची किंमत ठरेल.

व्याख्यानास जमलेल्या मंडळींपैकीं अनेकांचीं मुलें उद्यां ह्याच उद्योगांत जातील. कांहीं गेलींही आहेत. त्यांना 'परक्यावर भरंवसा ठेवूं नका' असें शिकवून आपण सुरक्षित करीत नाहीं. स्वकीयांवर आंधळा भरंवसा ठेवावयास मात्र शिकवितों. त्यापेक्षां त्यांस एवढेंच शिकवावें कीं, आंकडा कोणाचाही असो, तो कोणीं मोजला, कशानें मोजला व कोणत्या एककांत मोजला, हें विचारल्यावांचून पुढें जाऊं नये. आणि आपल्याला हेंच कोणीं विचारलें तर रागावूं नये. आणि वक्तेमहाशयांस आमची एक विनंती आहे. त्यांच्या शब्दाला सभेंत वजन आहे, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. पुढच्या खेपेस त्यांनीं समर्थांचें वचन म्हणून झाल्यावर एक मागणी करावी: भारताचें मंगळावर उतरणारें यान निघण्यापूर्वीं 'विक्रम'च्या पतनाचा संपूर्ण चौकशी-अहवाल शासनानें प्रसिद्ध करावा. त्या मागणीला टाळ्या कमी पडतील. आम्ही मात्र पहिल्या रांगेंत बसून अवश्य वाजवूं.